चिकित्साचतुष्पादात यंत्राचे स्थान कोणते? : मानसचिकित्सा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

शरीर व मन ही दोन्ही व्याधींची अधिष्ठाने होत, हा सिद्धांत आपण विद्यार्थिदशेतच शिकतो. परंतु व्यवसायाच्या धकाधकीत मनाकडे पाहण्यास सवड किती मिळते, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारण्याजोगा आहे. अनिद्रा, अम्लपित्त, शिरःशूल, दौर्बल्य, अंग गळून जाणे अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णांपैकी अनेकांचे मूळ दुखणे चिंता, शोक किंवा विषाद यांत असते. प्रश्नपरीक्षेत ते कधी उलगडते, तर कधी चूर्णाच्या पुड्या व काढ्याची बाटली घेऊन रुग्ण निघून जातो आणि ते दडलेलेच राहते.

अलीकडे या चित्रात एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. आपल्यासमोर येऊन बसण्यापूर्वीच, पुष्कळदा मध्यरात्री, रुग्ण मोबाइलवरील एखाद्या बोलक्या यंत्राशी आपल्या दुःखाविषयी बोललेला असतो. चॅटबॉट या नावाने ओळखली जाणारी ही यंत्रे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालतात, मराठीतही उत्तरे देतात, कधी थकत नाहीत आणि बहुधा शुल्कही मागत नाहीत. याविषयी व्यवसायबंधूंमध्ये दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींच्या मते हे सारे थोतांड असून त्याकडे लक्ष देण्याचे कारण नाही. तर काहींना वाटते की, आता समुपदेशकाची गरजच उरणार नाही. ही दोन्ही मते आम्हांस मान्य नाहीत. नवे साधन समोर आले की त्याची परीक्षा करावी, हीच आपल्या शास्त्राची रीत आहे. आणि ती परीक्षा करण्यासाठी लागणारी कसोटी चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, नवव्या अध्यायात, भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी या चतुष्पादाच्या रूपाने आपल्या हाती आहे. त्या कसोटीवर हे यंत्र घासून पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रश्नाची व्याप्ती

जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार जगात १०० कोटींहून अधिक लोक कोणत्या ना कोणत्या मानसिक विकारासह जगत आहेत. आपल्या देशापुरते बोलावयाचे, तर बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक विकार असल्याचे आढळले. त्याहून चिंताजनक गोष्ट अशी की, विकारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. दर एक लाख लोकसंख्येमागे देशातील मानसोपचारतज्ज्ञांची संख्या एकाहूनही कमी, म्हणजे सुमारे ०.७५ असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखविले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातील १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील असून हा आकडा त्या वर्षी सर्व राज्यांत सर्वाधिक होता.

अशा परिस्थितीत तालुक्याच्या गावी राहणारा, तज्ज्ञापर्यंत पोहोचू न शकणारा आणि ‘लोक काय म्हणतील’ या भयाने गप्प बसलेला माणूस हातातील मोबाइलकडे वळला, तर त्यास दोष कसा द्यावा? ओपनएआय या अमेरिकी कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वतःच जाहीर केले की, चॅटजीपीटी वापरणाऱ्यांपैकी सुमारे ०.१५ टक्के लोकांच्या संभाषणात दर आठवड्यास आत्महत्येच्या विचाराची वा योजनेची स्पष्ट चिन्हे आढळतात. आठवड्याचे वापरकर्ते ८० कोटींहून अधिक, हे लक्षात घेता ही संख्या १० लाखांच्या वर जाते. तेव्हा लोकांनी यंत्राशी मनातले बोलावे की नाही, हा वाद आता मागे पडला आहे. ते बोलू लागलेच आहेत. या संभाषणाच्या अलीकडे-पलीकडे जाणता माणूस कोठे उभा आहे, हा खरा प्रश्न होय.

आपल्या वर्गाच्या दृष्टीने याला एक कायदेशीर बाजूही आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ या व्याख्येत मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तर पदवीधारकांचाही समावेश केला आहे. हा मान मिळाला, तशी जबाबदारीही आली. इतर वैद्य या व्याख्येत येत नसले, तरी रुग्ण सर्वप्रथम ज्याच्या दारात येतो तो पुष्कळदा वैद्यच असतो.

यंत्राचा पूर्वेतिहास

हा प्रकार आजचा नव्हे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा संगणकीय कार्यक्रम तयार करून १९६६ मध्ये त्याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. समोरच्याचे वाक्य थोडे फिरवून त्यालाच प्रश्नाच्या रूपाने परत करावे, एवढीच त्याची युक्ती. एखाद्याने ‘मला आईची आठवण येते’ असे लिहिले की, यंत्राने ‘आईविषयी आणखी सांगा’ असे म्हणावे. यंत्राला कशाचेही आकलन नव्हते, तरीही माणसे त्यात गुंतून गेली. खुद्द वायझेनबाउम यांच्या सचिव असलेल्या बाईंनी, संभाषण खासगी असल्यामुळे, त्यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले. या अनुभवाने ते इतके अस्वस्थ झाले की, १९७६ मध्ये त्यांनी एक संपूर्ण ग्रंथ लिहून, माणसाने यंत्रावर सोपवू नयेत अशी काही कामे आहेत, हे आग्रहाने मांडले.

पुढे २०१७ मध्ये ‘वोबॉट’ हे यंत्र आले. ७० तरुणांवर दोन आठवडे केलेल्या लहान अभ्यासात, केवळ माहितीपुस्तिका वाचणाऱ्यांच्या तुलनेत, यंत्राशी बोलणाऱ्यांची नैराश्याची लक्षणे कमी झाल्याचे दिसले. भारतात बंगळुरूमध्ये ‘वायसा’ या ॲपचा जन्म झाला. ही यंत्रे तज्ज्ञांनी आधी लिहून ठेवलेल्या वाक्यांच्या चौकटीत राहून बोलत. आजची नवी यंत्रे तशी नाहीत. अफाट लेखनसाहित्यावरून शिकून ती प्रत्येक वाक्य नव्याने जुळवितात. त्यामुळे त्यांचे बोलणे अधिक मोकळे व अधिक माणसासारखे वाटते, आणि म्हणूनच ती पुढच्या क्षणी काय बोलतील याची खात्री देणे अधिक कठीण असते.

या नव्या जातीच्या यंत्राची एक महत्त्वाची चाचणी मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील डार्टमथ येथील संशोधकांनी ‘थेराबॉट’ हे यंत्र २१० व्यक्तींच्या अभ्यासात तपासले. चार आठवडे ते वापरणाऱ्यांत नैराश्याची लक्षणे सरासरी ५१ टक्क्यांनी, तर चिंताविकाराची ३१ टक्क्यांनी कमी झाली. हे आकडे दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. परंतु ते वाचताना दोन गोष्टी विसरू नयेत. एक, ही तुलना उपचारांची वाट पाहत असलेल्या गटाशी होती, मानवी समुपदेशकाशी नव्हे. दुसरी, यंत्राने लिहिलेल्या उत्तरांवर संशोधकांची देखरेख होती व धोका दिसताच हस्तक्षेप करण्याची सोय होती. म्हणजे यंत्राच्या पाठीमागे जाणता माणूस बसलेला होता. बाजारातील सर्वसामान्य यंत्रांच्या पाठीमागे तसा कोणी बसलेला नसतो.

उपस्थात्याच्या चार गुणांची कसोटी

चतुष्पादात यंत्राला बसवावयाचे झाल्यास प्रथम विचार येतो तो उपस्थात्याचा, म्हणजे परिचारकाचा. उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच हे परिचारकाचे चार गुण सांगितले आहेत. एकेका गुणाचा विचार करू.

दाक्ष्य, अर्थात तत्परता. या गुणात यंत्र उणे नाही, किंबहुना माणसाहून सरस आहे. पहाटे तीन वाजता जागा असणारा, एकच गाऱ्हाणे दहा वेळा ऐकूनही न कंटाळणारा परिचारक दुसरा कोठे मिळणार?

उपचारज्ञता. येथे चित्र संमिश्र आहे. श्वसनाचे व्यायाम, झोपेचे नियम, विचार व वर्तन यांची नोंद ठेवण्याची पद्धत ही माहिती यंत्र नीट सांगू शकते. पण कोणास काय सांगू नये, हे ज्ञान अधिक मोलाचे असते आणि तेथे ते चुकते. अमेरिकेतील भोजनविकारग्रस्तांसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने आणलेले ‘टेसा’ हे यंत्र २०२३ मध्ये मागे घ्यावे लागले, कारण ज्यांचा विकारच मुळी वजन कमी करण्याच्या ध्यासातून जडला होता, त्यांनाच ते वजन घटविण्याचा सल्ला देत असल्याचे उघडकीस आले. सामान्य स्थूल व्यक्तीस जो सल्ला पथ्यकर, तोच या रुग्णांना अपथ्यकर. पथ्य-अपथ्य व्यक्तिसापेक्ष असते, हे तत्त्व आपल्याला नवे नाही.

अनुराग, अर्थात रुग्णाविषयी आपुलकी. यंत्र आपुलकीचे शब्द उत्तम लिहिते, यात शंका नाही. परंतु शब्द आपुलकीचे असणे आणि आपुलकी असणे यांत अंतर आहे व रुग्णास ते जाणवते. ‘कोको’ या परस्परमदतीच्या ऑनलाइन सेवेने सुमारे ४००० लोकांना यंत्राच्या साहाय्याने तयार केलेली उत्तरे दिली होती. तिच्या संस्थापकांनी जानेवारी २०२३ मध्ये सांगितले की, ही उत्तरे लोकांना माणसांच्या उत्तरांहून अधिक आवडली. मात्र त्यात यंत्राचा हात आहे, हे कळताच त्यांचा परिणाम ओसरला. एखाद्याने आपल्यासाठी वेळ काढला, झोपमोड करून घेतली, ही जाणीवच अर्धे औषध असते. यंत्राला झोपच नाही, तर ती मोडणार कशी?

शौच. या शब्दात शरीराच्या स्वच्छतेबरोबर आचरणाची शुद्धी अभिप्रेत मानली, तर रुग्णाचे गुपित पोटात ठेवणे त्यात येतेच. २०१७ च्या कायद्याने मानसरुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. हे बंधन आपल्यावर आहे. परदेशातील एखाद्या कंपनीच्या संगणकात साठणाऱ्या संभाषणावर ते कितपत चालेल? ‘बेटरहेल्प’ या ऑनलाइन समुपदेशन कंपनीने ग्राहकांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातींसाठी इतर कंपन्यांना पुरविल्याचा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२३ मध्ये ठेवला आणि तिला ७८ लाख डॉलर भरावे लागले. फिनलंडमध्ये २०२० साली एका मानसोपचार संस्थेच्या नोंदी चोरून रुग्णांकडेच खंडणी मागितली गेली. सुमारे ३३,००० लोकांच्या मनातील गोष्टी चोरांच्या हाती पडल्या. आपल्याकडे वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला खरा. परंतु कायदा नुकसान झाल्यावर धावून येतो, गुपित परत आणून देऊ शकत नाही.

तात्पर्य, चार गुणांपैकी एक पूर्ण, एक अर्धा, एक आभासरूप आणि एक संशयास्पद, अशी यंत्राची स्थिती आहे. अशा परिचारकाच्या हाती रुग्ण एकटा सोपविता येत नाही.

सामान्य-विशेष सिद्धांत आणि होकार देणारे यंत्र

याहून गंभीर आक्षेप चिकित्सेच्या तत्त्वाविषयी आहे. समान गुणाने वृद्धी व विपरीत गुणाने ऱ्हास, हा आपल्या चिकित्सेचा पाया. मानसचिकित्सेतही तोच लागू होतो. काम, शोक, भय, क्रोध, हर्ष, ईर्ष्या व लोभ यांपासून उत्पन्न झालेल्या उन्मादात परस्परविरोधी भावाच्या योजनेने शमन करावे, असे चरकाचार्य सांगतात. अहितकर विषयांपासून मनाला आवरणे म्हणजे सत्त्वावजय. या दोन्हींत रुग्णाच्या मनाच्या ओघाला कोठेतरी थोपविणे अभिप्रेत आहे.

यंत्राचा स्वभाव नेमका याच्या उलट आहे. वापरणाऱ्यास बरे वाटावे, त्याने पुन्हा यावे, या हेतूने ती घडविली जात असल्यामुळे होकार देण्याकडे त्यांचा कल असतो. ओपनएआयने एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीतील एक नवी सुधारणा काही दिवसांतच मागे घेतली, कारण ते यंत्र वापरणाऱ्याची अवास्तव खुशामत करू लागले होते. संशयग्रस्त माणूस ‘शेजारी माझ्यावर पाळत ठेवतात’ असे म्हणाला आणि उत्तर आले की ‘तुमची भीती समजण्यासारखी आहे’, तर हे सांत्वन नव्हे; भयात भयाची भर आहे. शोकात बुडालेल्यास त्याच सुरात उत्तर देत राहिल्यास शोकाचीच वृद्धी होते.

२०२५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील व इतर संशोधकांनी अशा यंत्रांची परीक्षा केली. नोकरी गेल्याचे सांगून लगेच न्यूयॉर्कमधील उंच पुलांची चौकशी करणारा प्रश्न त्यांनी विचारून पाहिला. काही यंत्रांनी त्यामागील हेतू न ओळखता पुलांची माहिती देऊन टाकली. मद्यासक्ती व स्किझोफ्रेनिया यांविषयी यंत्रांच्या उत्तरांत नैराश्याच्या तुलनेत अधिक कलंकभाव असल्याचेही याच अभ्यासात दिसले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्याने कायदा करून यंत्राने स्वतंत्रपणे मानसोपचार करण्यास मनाई केली. परवानाधारक व्यावसायिकाला कार्यालयीन व पूरक कामात त्याचे साहाय्य घेण्यास मात्र मुभा ठेवली. ही विभागणी आम्हांस विचारपूर्वक केलेली वाटते.

मराठी माणसाचे दुःख आणि यंत्राचे कान

आपल्याकडील रुग्ण ‘मला नैराश्य आले आहे’ असे क्वचितच म्हणतो. ‘छातीत धडधडतं’, ‘डोकं जड होतं’, ‘पोटात गोळा येतो’, ‘हातापायांतलं बळच गेलं’, ‘कशात जीव रमत नाही’ ही त्याची भाषा. मनाचे दुखणे शरीराच्या शब्दांत सांगण्याची ही रीत यंत्रांनी ज्या साहित्यावरून शिकावयाचे, त्या बहुतांशी इंग्रजी साहित्यात कोठून असणार? ‘उकाड्यानं जीव नकोसा झाला’ हे वैशाखातले रोजचे वाक्य. पण कर्ज फिटत नसलेला शेतकरी नजर खाली वळवून ‘आता जीव नकोसा झालाय’ म्हणतो, तेव्हा शब्द तेच असूनही अर्थ पार बदललेला असतो. ‘पोरांना माझं ओझं नको’, ‘एकदाची सगळ्यांतून सुटका होऊ दे’ ही म्हातारपणीची नेहमीची उद्गारवाक्ये आहेत की निर्णय पक्का झाल्याची खूण आहे, हे स्वर, चेहरा आणि घरची परिस्थिती जाणणाराच ओळखू शकतो.

नाडी, मूत्र, मल, जिह्वा, शब्द, स्पर्श, दृक् व आकृती ही आपली अष्टविध परीक्षा. लिहून बोलणाऱ्या यंत्राला यांपैकी केवळ शब्द उपलब्ध असतो, आणि तोही स्वराविना. कापणारा आवाज, वाक्याच्या मध्येच आलेला हुंदका, न विंचरलेले केस, सोबत आलेल्या सुनेकडे पाहून थांबलेले बोलणे यांतील काहीही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

द्रव्यप्रयोगातील धोके

एक बाब वैद्यांनी विशेषत्वाने ध्यानी घ्यावी. यंत्राला विचारून स्वतःच औषधी घेणारे रुग्ण आता आढळू लागले आहेत आणि त्यांपैकी काहींची मानसोपचारतज्ज्ञांकडील औषधे आधीच चालू असतात. सर्पगंधेतील रिसर्पिनमुळे नैराश्य बळावू शकते. पूर्वी नैराश्य येऊन गेलेल्या रुग्णात ती टाळावी. परदेशी वनस्पती सेंट जॉन्स वर्ट ही नैराश्यावरील अनेक आधुनिक औषधांसोबत घेतल्यास गंभीर उपद्रव होऊ शकतात. लिथियम घेणाऱ्या रुग्णात तर शोधनकर्माचाच विचार सावधपणे करावा लागतो. वमन-विरेचनाने शरीरातील जल व सोडियम कमी झाल्यास रक्तातील लिथियमची पातळी विषारी होण्याइतकी वाढू शकते. ‘पंचकर्म सुरक्षित आहे का?’ या मोघम प्रश्नाला यंत्र मोघम होकार देऊन मोकळे होईल. ‘आपण लिथियम घेता का?’ हा उलट प्रश्न विचारणे वैद्याचे काम आहे. चालू औषध यंत्राच्या सांगण्यावरून अचानक बंद केले आहे काय, हेही आवर्जून विचारावे.

मग उपयोग कोठे?

वरील विवेचनावरून यंत्र त्याज्य ठरते असा निष्कर्ष कोणी काढू नये. चतुष्पादातील चौथा पाद रोगी. त्याच्या गुणांत ज्ञापकत्व, म्हणजे आपली अवस्था नीट सांगता येणे, हा एक गुण आहे. मानसरोगात हाच गुण लज्जेने व भयाने झाकला जातो, आणि येथे यंत्राचे खरे साहाय्य होऊ शकते. अमेरिकेतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या २०१४ मधील अभ्यासात असे दिसले की, समोरच्या पडद्यावरील मुलाखतकार निव्वळ संगणकावर चालतो असे वाटल्यास लोक आपले मन अधिक मोकळेपणाने उघड करतात. तेव्हा भेटीपूर्वी रुग्णाने आपल्या भाषेत माहिती सांगावी, यंत्राने ती मुद्देसूद करून वैद्यासमोर ठेवावी, ही योजना हितकर होईल. दोन भेटींमधील काळात झोप, आहार, व्यायाम व मनःस्थिती यांची नोंद ठेवणे, औषधाची आठवण देणे, प्राणायामाचा क्रम सांगणे ही कामेही त्याच्यावर सोपविता येतील.

दुसरा उपयोग माणसे घडविण्याचा. ‘संगाथ’ संस्थेच्या संशोधकांनी गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ नैराश्यग्रस्त रुग्णांवर केलेला अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात वैद्यकीय पदवी नसलेल्या, परंतु प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत साधा वर्तनोपचार दिला. तीन महिन्यांनी त्यांच्या रुग्णांपैकी ६४ टक्के, तर केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ३९ टक्के नैराश्यमुक्त झाले होते. तज्ज्ञांच्या तुटवड्यावर माणूस हाच उपाय असू शकतो, याचा हा पुरावा आपल्या दाराशी आहे. अशा समुपदेशकांच्या सरावासाठी, नोंदी ठेवण्यासाठी व भाषांतरासाठी यंत्र वापरले, तर एका तज्ज्ञाच्या देखरेखीखाली अनेक हात काम करू शकतील.

चिकित्सालयात पाळावयाच्या गोष्टी

१. मानसिक तक्रार असलेल्या प्रत्येक रुग्णास सहजपणे विचारावे : ‘ताई, रात्री झोप लागत नाही तेव्हा काय करता? मोबाइलवर कुणाशी बोलता का? त्यानं काय सांगितलं?’ विचारताना सुरात उपहास नसावा. अन्यथा पुढच्या वेळी रुग्ण ती गोष्ट दडवील.

२. नैराश्य मोजण्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली यंत्राद्वारे भरून घेण्यास हरकत नाही. पण २७ पैकी एकूण गुण पाहून थांबू नये. नववा प्रश्न मरणाच्या वा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. बेरीज कमी असूनही या एका प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असू शकते. ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे.

३. आत्महत्येविषयी स्पष्ट शब्दांत विचारल्याने तो विचार रुग्णाच्या मनात पेरला जातो, हा समज चुकीचा आहे. विचारल्याने रुग्णास बहुधा हायसेच वाटते. होकार आल्यास रुग्णाला एकटे सोडू नये, नातेवाइकांना विश्वासात घ्यावे व त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. केंद्र शासनाची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक चिकित्सालयाच्या दर्शनी भागात लावावा.

४. भास होणे, अतिसंशय, तीव्र उन्माद, आत्मघाताचे विचार या अवस्थांत, तसेच लहान मुलांच्या बाबतीत यंत्राशी बोलण्याचा सल्ला देऊ नये. आधीपासून बोलत असल्यास ते थांबविण्याची सूचना कुटुंबीयांना समजावून द्यावी.

५. रुग्णाचे नाव, गाव, दूरध्वनी क्रमांक वा छायाचित्र सार्वजनिक यंत्रात कधीही घालू नये. नोंदीसाठी यंत्र वापरावयाचे असल्यास रुग्णाची संमती आधी घ्यावी.

६. औषधांच्या परस्पर परिणामांविषयी यंत्राने दिलेले उत्तर हा केवळ शोधाचा आरंभ समजावा. निर्णय ग्रंथ, तज्ज्ञांचे मत व स्वतःचा अनुभव यांवरच घ्यावा.

समारोप

पाककर्मात भांडे, इंधन व अग्नी ही जशी स्वयंपाक्याची साधने, तसे इतर तीन पाद वैद्याच्या कार्यसिद्धीची साधने होत, असा दृष्टांत चरकाचार्यांनी दिला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचे स्थान या साधनांमध्येच आहे. ते साधन उत्तम असेल, तर स्वयंपाक लवकर व नीट होईल. परंतु चुलीपाशी कोणीच नसेल, तर अन्न करपेल आणि घरही पेटेल.

मानसरोगाच्या चिकित्सेत तद्विद्यसेवा, म्हणजे जाणत्यांचा सहवास, हा उपाय सांगितला आहे. रुग्ण यंत्राकडे जातो त्यामागे पुष्कळदा जाणत्याचा सहवास न मिळणे हेच कारण असते. आपल्या चिकित्सालयात दिवसाकाठी चार रुग्णांना जरी पंधरा मिनिटे अधिक देता आली आणि त्यांचे बोलणे मध्ये न तोडता ऐकता आले, तरी ही उणीव काही अंशी भरून निघेल. आपल्या परिसरातील मानसोपचारतज्ज्ञ व समुपदेशक यांची यादी प्रत्येक शाखेने तयार करून सभासदांना द्यावी, आणि या विषयावर शाखानिहाय चर्चासत्रे घेऊन व्यवसायबंधूंनी आपापले अनुभव या त्रैमासिकाकडे पाठवावेत, अशी आम्ही आग्रहाची विनंती करतो.